हंगामी बाई

सारंगखेडा,
२१ जानेवारी १९६३

चि. शांतीलाल,

आशीर्वाद. मामी कळसाडीत बऱ्या आहेत, गुडघे दुखतात, लेकाची वाट बघतात. आज मला भांडायचं आहे आणि घरात भांडायला माणूस उरला नाही, म्हणून तुला लिहिते.

पंचायत समितीवर मला स्वीकृत सदस्य म्हणून घेतलं, हे तुला कळलंच असेल. निवडून एकही बाई आली नाही. कायद्याने एक तरी लागते, म्हणून माझ्या जेठांनी, ह्यांच्या थोरल्या भावांनी, रूपचंदभाईंनी, घरातलीच सुचवली. सभेत चहा येतो, ठराव वाचतात, मी सही करते. यापलीकडे माझ्याकडून कोणाची अपेक्षा नाही.

मागच्या आठवड्यात रूपचंदभाई मला शहाद्याच्या सहकारी जिनमध्ये घेऊन गेले. ते तिथले चेअरमन, नवे रेचे बसवलेत ते दाखवायचे होते. तू लहानपणी पाहिलंच आहेस. रेच्यांची रांग, प्रत्येकावर एक बाई, तिने सारखी कपाशी लोटत राहायची, म्हणजे रुई एकीकडे पडते आणि सरकी दुसरीकडे. धूळ अशी की शेजारणीचं तोंड दिसत नाही. मधला एक रेचा रिकामा होता. मी विचारलं, तर मुकादम लोटन म्हणाला, "बाहेर गयी शे, ई जाई."

ती सरकीच्या ढिगामागे बाळंत होत होती, शांतीलाल. फुलीबाई तिचं नाव. अक्राणीच्या डोंगरातली पावरा, नवरा दिलवरसिंग तिथेच गाठी बांधतो. दोन बायका तिला धरून बसल्या होत्या आणि बाकीच्या आपापल्या रेच्यावर, कारण हात थांबला तर मुकादम ओरडतो. मी लुगड्याचा पदर फाडून दिला. माझ्या हातून तेवढंच झालं. मुलगा झाला, जिवंत आहे. पण दुसऱ्या दिवशी तिच्या रेच्यावर दुसरी बाई बसली होती. मी जेठांना बोलले तर म्हणाले, "मग काय रेचा बंद ठेवायचा? दारात गाड्या उभ्या आहेत."

तू कामगारांच्या विम्याच्या कचेरीत आहेस. गेल्या दिवाळीत तूच ऐटीत सांगत होतास की मुंबईत गिरणीतली बाई बाळंत झाली की तिला दवाखाना मिळतो, घरबसल्या पगार मिळतो, आणि परत आली की जागा तिचीच. मग फुलीबाईला का नाही? तीही यंत्रावरच असते. सरळ भाषेत उत्तर दे, कचेरीच्या भाषेत नको.

तुझी,
प्रमिलाबेन


मुंबई,
९ फेब्रुवारी १९६३

प्रमिलाबेन,

नमस्कार. रंजना मजेत आहे, तुला नमस्कार सांगते.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण तू मला असं विचारतेस जणू विम्याचा कायदा मीच लिहिला. मी टाचण्या लावणारा माणूस आहे.

सरळ भाषेत सांगतो. आमची योजना बारमाही कारखान्यांसाठी आहे. जिनिंग म्हणजे हंगामी कारखाना. हंगामी कारखाने योजनेतून वगळले आहेत, आणि त्यात कापसाच्या जिनचा उल्लेख नावानिशी आहे. शिवाय योजना एकेका शहरात टप्प्याटप्प्याने लागू होते. आपल्या भागाचा टप्पा माझ्या नोकरीत तरी येईलसं वाटत नाही.

यामागे कारण आहे, उगीच चिडू नकोस. विमा हप्त्यावर चालतो. जो चार महिने काम करून डोंगरात निघून जातो, त्याचा हप्ता कोण भरणार, त्याला शोधणार कुठे?

मात्र बाळंतपणाच्या रजेचा एक वेगळा कायदा झाला आहे. तो विम्याचा नाही. त्यात मालकाने स्वतः बाईला पैसे द्यायचे आहेत. तो लागू झाला की कळवतो. तोपर्यंत सभेत फार बोलू नकोस. रूपचंदभाईंशी रोज घरात गाठ आहे.

तुझा,
शांतीलाल


सारंगखेडा,
२ मार्च १९६३

चि. शांतीलाल,

हंगामी कारखाना, हंगामी बाई. बरं. पण मूल हंगामी असतं का रे? ते पोटात नऊ महिने राहतं, की जिन बंद झाली की तेही डोंगरात निघून जातं?

आणि "त्याला शोधणार कुठे" म्हणतोस. लोटन मुकादमाला दर कार्तिकात ती माणसं बरोबर सापडतात. गाडी घेऊन जातो आणि भरून आणतो. दवाखाना द्यायचा म्हटलं की मात्र ती हरवतात.

तुझा सल्ला ऐकला नाही. सभेत बोलले. शहाद्याच्या जिनांमधल्या बायकांसाठी एक नर्स आणि बाळंतपणाची खोली असावी, एवढंच म्हणाले. एक सभासद म्हणाले, "बेन, या बायका रानात बाळंत होतात आणि टोपली डोक्यावर घेऊन घरी येतात, त्यांना काही होत नाही." मी विचारलं, तुम्ही ज्या घरी आलेल्या पाहिल्यात त्यांच्याबद्दल बोलताय, ज्या आल्या नाहीत त्यांचं काय? सभापतींनी पुढचा कागद उचलला. मग विहिरींचा विषय निघाला आणि सगळ्यांना कंठ फुटला.

परत येताना बैलगाडीत रूपचंदभाई माझ्याकडे पाठ करून बसले. आमच्या घरचे म्हणतात, तुला समितीवर बसवलं, बोलायला कोणी सांगितलं?

तो कायदा आला की प्रत पाठव. मी तोच धरून बसणार आहे.

प्रमिलाबेन


मुंबई,
१८ ऑक्टोबर १९६३

प्रमिलाबेन,

आनंदाची बातमी. येत्या महिन्यापासून कायदा लागू होतोय. प्रत सोबत आहे. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मिळून मोठी रजा, तीही पगारी, आणि त्या काळात तिला कामावरून काढता येणार नाही. हा हंगामी कारखान्यालाही लागू आहे.

एक अडचण आहे. आदल्या वर्षात जवळजवळ निम्मं वर्ष त्या मालकाकडे काम झालेलं हवं. तुमचा हंगाम तेवढा भरत नाही. पण मी डोकं लढवलं आहे. तुमच्या सोसायटीची जिन आहे, गाठी बांधायचं प्रेस आहे आणि सरकीचं तेल काढायची गिरणीही आहे. मालक एकच. बाईने जिननंतर तेलाच्या गिरणीत थोडं काम केलं तर दिवस भरतात. रूपचंदभाईंना हे समजावून सांग. कायदा दाखव, म्हणजे नाही म्हणायची सोय राहणार नाही.

आता तरी भावाला शाबासकी दे. कचेरीत या कलमाचा असा अर्थ माझ्याआधी कोणी लावला नव्हता.

शांतीलाल


सारंगखेडा,
१२ डिसेंबर १९६३

चि. शांतीलाल,

तुझी शाबासकी घे.

मी कायदा घेऊन रूपचंदभाईंकडे गेले. कलमं वाचून दाखवली, तेलाच्या गिरणीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "वाच, पुन्हा वाच." मला वाटलं, पटतंय. मी मूर्खासारखं दोनदा वाचलं.

हंगाम सुरू झाला तेव्हा मी जिनच्या फाटकापाशी होते. लोटन बायका निवडत होता. म्हाताऱ्या आत, विधवा आत, पोरी आत. ज्यांचं लग्न झालंय आणि वय मूल होण्याचं आहे, त्या सगळ्या बाहेर. पोटुशी असोत की नसोत. फुलीबाई बाहेर. गेल्या हंगामातला मुलगा पाठीशी बांधलेला आणि तोंडावर काहीच नाही, जणू ठाऊकच होतं.

मी लोटनवर ओरडले. तो म्हणाला, "बाई, मले काय बोली ऱ्हायनात? शेठना हुकूम शे. तुम्हीच लई उनात ना तो कायदा?"

तो कायदा मीच आणला होता, हे खरंच. रूपचंदभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "कायदा मी मोडला नाही. ज्या बाईला ठेवलंच नाही तिला रजा कुठून देऊ? प्रमिला, एका बाईला रजेचा पगार, आणि तिच्या जागी दुसरी ठेवायची तिलाही पगार. बाजूचा जिनवाला बायकाच ठेवत नाही, मग कपाशीला तो जास्त देतो आणि माझा भाव पडतो. मला सभासदांना तोंड द्यायचं आहे." आवाजही चढवला नाही त्यांनी. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

फुलीबाई आणि दिलवरसिंग मुलाला आजीजवळ ठेवून गुजरातेत उसतोडीला गेले. बरोबर चाळीसभर माणसं. तिथे कोण विचारणार आहे त्यांना?

तू आणि तुझं कलम. मी आणि माझी बडबड. दोघांनी मिळून तिची होती ती भाकरी घालवली.

प्रमिलाबेन


मुंबई,
४ जानेवारी १९६४

प्रमिलाबेन,

तू रागात आहेस म्हणून जास्त लिहीत नाही. पण न्यायाने बोल. कायद्याचा हेतू चांगला आहे. मालकाने पळवाट काढली यात कायद्याचा दोष नाही, आणि माझाही नाही. फाटकातून परत पाठवलेल्या बाईला कायदा ओळखत नाही, कारण ती कामगारच झालेली नसते. यावर तक्रार कुठे करायची हे मी दोन साहेबांना विचारलं. एक म्हणाले, कामगार खात्याकडे. कामगार खात्यातला म्हणाला, आमच्याकडे नाही.

सगळं जग एका हंगामात बदलत नाही. धीर धर.

शांतीलाल


मुंबई,
२२ मार्च १९६४

प्रमिलाबेन,

माझ्या पत्राला उत्तर नाही. असो. आनंदाची बातमी अबोला धरून सांगता येत नाही, म्हणून बारशाच्या पत्रात मावलं नाही ते लिहितो. रंजनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. शेवटच्या महिन्यात तिचे पाय सुजायला लागले होते, डोकं दुखायचं. डॉक्टरीणबाईंनी लगेच दाखल करून घेतलं, रोज रक्तदाब बघायच्या, मीठ बंद केलं. आम्ही किती घाबरलो होतो! पण सरकारी नोकरीचा हा फायदा, खर्चाचा विचारच करावा लागला नाही. स्वच्छ खोली, खिडकीतून समुद्राची हवा. आता ती महिनाभर माहेरी आराम करील.

बारशाला यायचं पत्र वेगळं पाठवलं होतं. तू आली नाहीस, दोन ओळीही लिहिल्या नाहीत. त्या कायद्यावरून माझ्या मुलीवर राग काढायचा असेल तर काढ. मामेभाऊ म्हणून मला वाईट वाटलं एवढंच.

शांतीलाल


सारंगखेडा,
३० एप्रिल १९६४

चि. शांतीलाल,

तुझ्या मुलीला माझे आशीर्वाद. तिच्यावर मी राग काढीन असं तुला वाटलं, हे वाचून मला रडूही आलं आणि तुझा रागही आला. तुझं पत्र माझ्या हातात पडलं त्याच्या आदल्या आठवड्यात जे झालं ते मला लिहिता येत नव्हतं. आज लिहिते, कारण तू त्याचा भलताच अर्थ लावून बसला आहेस.

मी सुरतेहून नणंदेकडून परत येत होते. दुपारची गाडी. खांडबाऱ्याला बायकांच्या डब्यापुढे गलका झाला. खिडकीतून पाहिलं तर दोघं-तिघं एका बाईला तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरवत होते. तिचे हातपाय ताठ झाले होते, तोंडाला फेस. लोक म्हणत होते, अंगात आलं. मग मला दिलवरसिंग दिसला.

मी सामान सोडून उतरले. फुलीबाई ओळखू येत नव्हती. तोंड, हात, पाय, सगळं सुजलेलं. आठवा महिना. दिलवरसिंग सांगत होता, तिकडे उसात असतानाच पाय सुजले, डोकं फुटतंय म्हणायची, डोळ्यापुढे अंधारी यायची, पण तोडणी अर्धी सोडली तर मुकादम मजुरी देत नाही, म्हणून थांबले. शेवटी दिसेनासं झालं तेव्हा घेऊन निघाला.

पाय सुजले, डोकं दुखलं. तुझ्या पत्रात मी हे वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. दोघींचा आजार एकच होता रे.

खांडबाऱ्याच्या दवाखान्यातल्या नर्स नर्मदाबाई धावत आल्या. त्यांनी तिच्या दातांत कापडाची घडी धरली, सुई टोचली, म्हणाल्या, "हिला नंदुरबारला न्या, माझ्याकडे याच्यापुढे काही नाही." नेणार कशात? आमची गाडी निघून गेली होती. पुढची संध्याकाळी. मी स्टेशनमास्तरांवर ओरडले, हात जोडले, पंचायत समितीची सभासद आहे हेही सांगितलं. पदाचा उपयोग झाला तो तेवढ्यापुरता. त्यांनी मालगाडी थांबवली आणि गार्डच्या डब्यात आम्हाला बसवलं. नर्मदाबाई न विचारता बरोबर आल्या. वाटेत दोनदा झटके आले. दिलवरसिंग तिचं डोकं मांडीवर घेऊन त्यांच्या भाषेत काहीतरी सारखं पुटपुटत होता.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. मूल गेलं. मुलगी होती.

मी तिच्याजवळ राहिले. बोलायला लागली तेव्हा तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाली, "बाई, तू जिनमधी आली नसती तर मी जिनमधी असती." रागाने नाही म्हणाली. ऊन पडलंय म्हणावं तसं म्हणाली.

आता सांग, "धीर धर" हे मी तिला कोणत्या भाषेत सांगू?

प्रमिलाबेन


मुंबई,
८ मे १९६४

प्रमिलाबेन,

पत्र रंजनाने आधी वाचलं. मग ते माझ्या हातात दिलं. रात्री मुलीला घेऊन बसली तेव्हा एवढंच म्हणाली, "त्यांना काहीतरी लिहा, पण कृपा करून कलम लिहू नका."

म्हणून कलम लिहीत नाही. पण इतकी वर्षं ज्या कचेरीत बसलो तिथलं काम मला या पत्रानंतर समजलं, ते लिहितो. तो कायदा आणि आमचा विमा यात काय फरक आहे हे मी तुला कधी सांगितलंच नाही, कारण मला तो महत्त्वाचा वाटला नव्हता.

कायदा म्हणतो, जी बाई बाळंत होईल तिचा भार तिच्या मालकाने उचलायचा. मग मालक बाईलाच भार समजतो आणि फाटक लावतो. विम्यात तसं नाही. मालक सगळ्या कामगारांमागे हप्ता भरतो, पुरुष धरून. बाई ठेवली तरी तेवढाच, नाही ठेवली तरी तेवढाच. म्हणून तिला हाकलून त्याचा काही फायदा होत नाही. मुंबईतल्या बाईची जागा टिकते ती मालक दयाळू आहे म्हणून नव्हे.

तुमच्याकडे बाई मोजूच नका. कापूस मोजा. जिनमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे थोडे पैसे काढायचे, आणि ते शहाद्यातल्या सगळ्या जिनवाल्यांनी काढायचं, ज्यांच्याकडे एकही बाई नाही त्यांनीसुद्धा. त्यातून नर्स, खोली, रजेचा पगार. मग रूपचंदभाईंचा भाव पडायचा प्रश्न उरत नाही, कारण बाजूच्यालाही तेवढंच पडतं.

सरकार हे करील का? मी वर टिपण पाठवलं आहे. आजवर मी टिपणावर "आदेशार्थ सादर" याखेरीज काही लिहिलं नव्हतं. या वेळी "हे अन्यायाचे आहे" असं लिहिलं. साहेबांनी बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना? वाट बघू नकोस. शहाद्यात सुरू कर.

शांतीलाल


सारंगखेडा,
१६ जानेवारी १९६५

चि. शांतीलाल,

आठ महिने लिहिलं नाही, कारण आठ महिने सगळे नाहीच म्हणत होते आणि तेच तेच लिहायचा मला कंटाळा आला होता.

गाडीमागे काढायचं म्हटल्यावर आपले गुजर शेतकरीच उठले. कळसाडीचे तुझे चुलते भर बैठकीत म्हणाले, "कापूस आम्ही पिकवायचा आणि बाळंतपणं डोंगरातल्यांची?" मी म्हटलं, मामा, त्या खोलीत तुमची सूनही येऊ शकेल, तिला कोणी अडवणार नाही. तर म्हणाले, "आमच्या सुना त्यांच्या शेजारी झोपणार?" मी तिथून उठून आले. नाहीतर काय बोलले असते कोण जाणे.

मग हंगाम आला आणि लोटनची गाडी रिकामी परत आली. गेल्या हंगामात ज्या बायकांना फाटकातून घालवलं त्या आता नवऱ्यांसह गुजरातेतच जातात. पुरुष गेले, पोरी गेल्या, म्हाताऱ्याही मुलं सांभाळायला गेल्या. अर्धे रेचे बंद. सारंगखेड्यापासूनच्या गाड्या जिनच्या दारात मुक्काम करून, बैल उपाशी, कापूस उघड्यावर. तुझे तेच काका रूपचंदभाईंना शिव्या देत होते. मला आनंद झाला हे लपवत नाही.

रूपचंदभाई घरी येऊन म्हणाले, "तू त्या बाईला ओळखतेस ना? तिला सांग, बायका घेऊन ये." मी म्हटलं, मी निरोप्या नाही, तिलाच बोलवा आणि तुम्हीच बोला.

फुलीबाई आली. पुष्कळ बारीक झाली आहे. बरोबर पाड्यावरच्या पाच-सहा जणी आणि दिलवरसिंग. सगळे जिनवाले बसले होते. रूपचंदभाईंनी गाडीमागे काढायचं कबूल आहे म्हणून सांगितलं, नर्स ठेवू, जिनमध्ये बाळंत झालेल्या बाईला पगार देऊ. मला वाटलं, झालं, जिंकलो.

फुलीबाईने बायकांशी बोलून घेतलं आणि म्हणाली, "आणि पावसाळ्यात झाली तर?"

एक जिनवाला म्हणाला, पावसाळ्यात जिन बंद असते.

"पोट बंद नसतं," ती म्हणाली. "आम्ही कापूस हिवाळ्यात सोलतो, पोर आखाडात होतं. तेव्हा नर्स पाहिजे. आणि परत आल्यावर माझा रेचा मला पाहिजे. दुसरी बसली असेल तर तिने उठायचं."

गोंधळ झाला. काहीजण उठून जायला निघाले. रूपचंदभाईंनी दाराकडे बोट केलं. मग म्हणाले, "बाहेर जाताना गाड्या बघत जा. पाहिजे तर मोजा." उठलेले परत बसले.

आता तू सांग, हंगामात काम केलेल्या बाईला बिनहंगामात कसं द्यायचं? हे तुमच्याकडे बसतं का?

प्रमिलाबेन


मुंबई,
२ फेब्रुवारी १९६५

प्रमिलाबेन,

बसतं! आमच्याकडे नेमकं तसंच आहे. हप्ता एका काळात भरायचा, लाभ पुढच्या काळात मिळतो, मग तेव्हा काम असो वा नसो. फुलीबाईला कोणी शिकवलं? मला हे समजायला दोन परीक्षा द्याव्या लागल्या. एक हंगाम काम केलं की पुढच्या हंगामापर्यंत हक्क, असं लिहा. सोसायटीच्या पोटनियमात घालायचा मसुदा सोबत आहे. रात्री बसून केला, कचेरीच्या भाषेत आहे, माफ कर. निबंधक हरकत घेतील, घेऊ दे, उत्तर मी लिहून देईन.

माझं टिपण परत आलं. शेरा असा आहे: "हंगामी कारखान्यांबाबत सध्या प्रस्ताव विचाराधीन नाही." मी ते पुन्हा वर पाठवलं आहे. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, शांतीलाल, तुझी बढती गेली. रंजनाने विचारलं तेव्हा तिलाही सांगितलं. म्हणाली, जाऊ दे.

शांतीलाल


सारंगखेडा,
११ फेब्रुवारी १९६६

चि. शांतीलाल,

निबंधकांची हरकत आली. "सहकारी संस्थेच्या उद्देशांत प्रसूती बसत नाही." उत्तर लवकर लिही, आणि जरा झोंबेल असं लिही. शहाद्यातले दोन जिनवाले गाडीमागे काढायचं विसरतात, त्यांच्या दारात मी जाऊन बसते. खोलीला दार आलंय, खिडकी अजून नाही. नर्स म्हणून खांडबाऱ्याच्या नर्मदाबाईंच्या बहिणीला, कमलबाईंना ठेवलंय. त्या आल्यापासून मुकादम, चेअरमन आणि मी, तिघंही त्यांच्या शिव्या खातो. माझ्या डोक्याला अजून रोज ताप आहे, तू समजू नकोस की सगळं सुरळीत झालं.

पण एक सांगायचं आहे.

फुलीबाईला पुन्हा दिवस गेले होते. कमलबाई मागे लागून तिला दर आठवड्याला तपासायच्या. मार्गशीर्षात पाय सुजायला लागले, तसं तिला रेच्यावरून उठवून गाडीत घालून नंदुरबारला पाठवलं. ती म्हणत होती, मला काही झालं नाही. पण या वेळी मजुरीसाठी थांबून राहायची गरज नव्हती, मजुरी घरी बसली तरी मिळणारच होती. मुलगी झाली. नंतर ती पाड्यावर जाऊन महिनाभर राहिली.

काल परत यायची होती. मी पेढे घेऊन मुद्दाम जिनमध्ये गेले. खरं सांगते, मनात होतं की ती काहीतरी म्हणेल. निदान दोन वर्षांपूर्वी नंदुरबारला जे म्हणाली होती ते पुसलं जाईल असं काही.

ती आली. मुलीला कमलबाईंकडे दिलं. तिच्या रेच्यावर एक पोर बसली होती, ती न सांगता उठली. फुलीबाईने पदर खोचला, बसली आणि कपाशी लोटायला लागली. माझ्याकडे एकदा पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा हातातल्या कामाकडे वळली. बस. जणू रोजचीच गोष्ट. जणू त्या जागेवर तिचा हक्क आहे हे कोणी कधी नाकारलंच नव्हतं.

मी रेच्यांच्या मधल्या वाटेत पेढ्यांचा पुडा घेऊन उभी. मागून लोटन टोपली डोक्यावर घेऊन आला आणि ओरडला, "बाई, बाजूले व्हा ना! कापूस ई ऱ्हायना."

मी बाजूला झाले.

प्रमिलाबेन